निवृत्तीच्या ठरावाच्या समर्थनार्थ

मुक्तस्रोत आज्ञावलींच्या, म्हणजे संगणकाच्या धंद्यातली मंडळी ज्यांना ओपन सोर्स प्रोजेक्ट म्हणतात त्यांच्या, जगात एक मत अलीकडे फार प्रतिष्ठा पावले आहे. आणि ते मांडणारे बहुतेक लोक सज्जन, कष्टाळू व स्वतःच्या कामावर मनापासून प्रेम करणारे असल्यामुळे त्याचा प्रतिवाद करण्यास सहसा कोणी धजत नाही. ते मत असे की, एखादा प्रकल्प निष्क्रिय झाला, महिनोन्महिने त्यात कोणी एक ओळ लिहीत नाही, विचारलेल्या प्रश्नांना उत्तर मिळेनासे झाले, तरी त्याला निवृत्त करण्याचा ठराव करू नये. तो आहे तसा राहू द्यावा, कारण ठेवण्यास काही खर्च येत नाही, आज ना उद्या कोणी वारस उभा राहील, आणि निवृत्तीच्या नुसत्या उच्चारानेही उरल्यासुरल्या माणसांचे अवसान गळते. पुण्याच्या संगणक-व्यवसायात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्या काही स्नेह्यांच्या तोंडून हेच मत अपाची ॲपेक्स या प्रकल्पाच्या संदर्भात मी वारंवार ऐकले आहे. त्यामागची वेदना खरी आहे. मत मात्र मला सर्वस्वी अग्राह्य वाटते.

ॲपेक्सची हकीकत थोडक्यात अशी. याहूतून बाहेर पडलेल्या फू होआंग आणि अमोल केकरे या दोघांनी 2012 साली कॅलिफोर्नियात डेटाटोरंट नावाची कंपनी काढली. तिचे एक कार्यालय पुण्यात होते, आणि अखंड वाहत येणाऱ्या माहितीवर ती वाहत असतानाच प्रक्रिया करणारी जी यंत्रणा त्या कंपनीने रचली, तिच्या घडणीत मराठी आडनावांच्या अभियंत्यांचा वाटा ठळक होता. ही यंत्रणा, आणि तिच्याबरोबरचा मल्हार नावाचा तयार घटकांचा संग्रह, कंपनीने 2015 साली सर्वांसाठी खुला केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲपेक्स या नावाने हा प्रकल्प अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या इनक्युबेटरमध्ये दाखल झाला आणि एप्रिल 2016 मध्ये त्याला स्वतंत्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. मे 2018 मध्ये कंपनी बंद पडली. ज्यांच्या उपजीविकेचा आधार ती कंपनी होती, त्यांना दुसरी नोकरी धरणे प्राप्त होते, आणि दुसऱ्या नोकरीत पहिल्या घरचे काम करायला सवड कोणाला मिळते? सप्टेंबर 2019 मध्ये ॲपेक्स अपाचीच्या ॲटिकमध्ये, म्हणजे निवृत्त प्रकल्पांच्या दप्तरात, गेला. माझ्या स्नेह्यांच्या मते ही मराठी मुलांच्या श्रमांची उपेक्षा झाली, आणि तीही घाईने झाली. माझ्या मते निर्णय सर्वथा योग्य होता, आणि त्यात काही दोष काढायचाच असेल तर तो विलंबाचा काढावा लागेल. कारण कंपनी मिटल्यानंतरही वर्षाहून अधिक काळ त्या प्रकल्पाचा जाहीर दर्जा चालू प्रकल्पाचाच होता.

हा वाद आजवर बहुतांशी आज्ञावली लिहिणाऱ्यांनी आपसात केलेला आहे. मी तो देवगाव फाट्यावरून, म्हणजे जालन्याहून मंठ्यामार्गे जिंतूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याला जेथे सेलूचा रस्ता फुटतो त्या परभणी जिल्ह्यातल्या ठिकाणाहून, पाहतो. आणि येथून त्याचे स्वरूप निराळे दिसते. येथे आज्ञावली लिहिली जात नाही, वापरली जाते. पीक विम्याचा अर्ज, सातबाऱ्याचा उतारा, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स, मुलीच्या शिष्यवृत्तीचे कागद, आधार कार्डाची स्कॅन केलेली प्रत, असा शेतकरी कुटुंबाचा सगळा दस्तऐवज कोणत्या ना कोणत्या सेवा केंद्रातल्या, बहुधा सेकंडहँड घेतलेल्या, संगणकातून पुढे जातो. त्या संगणकावर परवान्याचे पैसे मोजून घेतलेली आज्ञावली असणे जितके विरळ, तितकेच आपण उतरवून घेतलेली फुकट आज्ञावली सध्या कोणाच्या देखरेखीखाली आहे याची चौकशी करण्याइतकी फुरसत त्या केंद्रचालकाला असणे विरळ. त्याला नाव ठाऊक असते, आणि तो नावावर विसंबतो. निष्क्रिय प्रकल्प राहू द्यावा की निवृत्त करावा, या प्रश्नाचा विचार करताना हा विसंबणारा माणूस समोर नसेल, तर तो विचार अपुरा आहे असे माझे म्हणणे आहे.

ठेवण्यास खर्च येत नाही, हा प्रतिपक्षाचा पहिला मुद्दा ओपनऑफिसच्या कसोटीवर लावून पाहण्यासारखा आहे. सन कंपनीने 2000 साली खुले केलेले हे कार्यालयीन कामाचे साधन, 2010 च्या आरंभी सन ओरॅकलच्या ताब्यात गेल्यावर, त्याच्याच घडवणाऱ्यांपैकी अनेकांनी सोडले, आणि सप्टेंबर 2010 मध्ये त्यांनी लिब्रेऑफिस या नावाने वेगळी चूल मांडली. पुढे जून 2011 मध्ये ओरॅकलने मूळ नाव व मूळ संहिता अपाचीच्या हवाली केली. अशा रीतीने कामकरी हात एका घरी आणि दहा वर्षांची पुण्याई असलेले नाव दुसऱ्या घरी, अशी फाळणी झाली. याचा परिणाम काय झाला, ते 2016 च्या जुलैत दिसले. हेतुपूर्वक बिघडवलेली प्रेझेंटेशनची फाइल उघडली तर आज्ञावली कोसळावी, आणि प्रसंगी परक्याची आज्ञा आपल्या यंत्रावर चालावी, अशी एक गंभीर त्रुटी त्या महिन्यात जाहीर करण्यात आली. ऑगस्टमध्ये जो पॅच मिळाला तो वापरणाऱ्याने स्वतःच्या हाताने बसवायचा होता. आणि ती त्रुटी काढून टाकलेली पूर्ण आवृत्ती, म्हणजे 4.1.3, बाहेर पडायला ऑक्टोबर उजाडला. मधल्या अवधीत जगभर किती कचेऱ्यांतून, शाळांतून आणि दुकानांतून ती सदोष आवृत्ती चालू राहिली असेल याची कल्पना करावी. पॅच हाताने बसवणे हे देवगाव फाट्यावरच्या, किंवा कोणत्याही फाट्यावरच्या, केंद्रचालकाच्या आवाक्यातले काम नव्हे. आणि तसे काही करावयाचे आहे ही वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गही नव्हता.

त्या सप्टेंबरच्या आरंभी, प्रकल्पाच्या व्यवस्थापन समितीचे तत्कालीन अध्यक्ष डेनिस हॅमिल्टन यांनी सहकाऱ्यांपुढे उघडपणे प्रश्न ठेवला की, ओपनऑफिस निवृत्त करायचे झाल्यास काय काय करावे लागेल. जेमतेम अर्धा डझन स्वयंसेवकांच्या बळावर प्रकल्प तग धरून आहे आणि त्यांच्या जोडीला येतील असे कुवतीचे व इच्छेचे विकासक दृष्टिपथात नाहीत, असे त्यांचे निदान होते. मला हा मनुष्य त्या सगळ्या प्रकरणात आदरणीय वाटतो. त्याने कोणावर आरोप केला नाही, कोणाचे श्रम हिणवले नाहीत. ज्या गोष्टीची सर्वांना खाजगीत जाणीव होती ती त्याने दप्तरी आणली. ठराव झाला नाही. प्रकल्प राहिला, त्याच्या किरकोळ दुरुस्त्यांच्या आवृत्त्या निघत राहिल्या. डिसेंबर 2023 मध्ये निघालेली आवृत्तीही 4.1.15, म्हणजे एप्रिल 2014 मध्ये सुरू झालेल्या 4.1 या मालिकेतलीच. ज्या थोड्या लोकांनी ही वहिवाट निष्ठेने चालू ठेवली त्यांच्या कष्टांविषयी माझ्या मनात अनादर नाही. परंतु त्या नावाच्या आकर्षणाने जे लोक आजही तिकडे वळतात, आणि अधिक जागती, अधिक जलद दुरुस्त होणारी, मराठीतूनही वापरता येणारी लिब्रेऑफिस तितकीच फुकट उपलब्ध आहे हे ज्यांना कळत नाही, त्यांचे नुकसान कोणत्या खात्यावर मांडायचे? खर्च येत नाही हे विधान ज्याच्या खात्यावर तो खर्च पडत नाही त्याचे आहे.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे आणि त्याला उत्तर देताना सावध राहिले पाहिजे. शांतता म्हणजे मरण नव्हे, असे प्रतिपक्ष म्हणतो. काही आज्ञावली पूर्ण झालेल्या असतात, त्यांच्यात भर घालण्यासारखे काही उरलेले नसते, आणि अशांना निष्क्रिय ठरवून निवृत्त करणे म्हणजे परिपक्वतेलाच दंड करणे होय. येथे डोनाल्ड क्नुथ यांच्या टेकचे उदाहरण हटकून दिले जाते, आणि ते द्यावे असेच आहे. गणिताची व शास्त्राची पुस्तके जुळवणारी ही आज्ञावली वर्षानुवर्षे जवळजवळ निश्चल असते. तिच्या आवृत्तीचा क्रमांक पायच्या किमतीकडे एकेका अंकाने सरकतो, आणि 2021 साली तो 3.141592653 येथे पोहोचला. परंतु या निश्चलतेच्या मागे काय आहे ते पाहावे. दोष कळवणाऱ्याची दखल केव्हा घेतली जाईल हे क्नुथ यांनी सांगून ठेवलेले आहे: 2014 मध्ये घेतली, 2021 मध्ये घेतली, यापुढे 2029 मध्ये घेतली जाईल. आपल्या पश्चात क्रमांक पायवर स्थिर करावा आणि जे दोष उरतील त्यांना वैशिष्ट्ये मानावे, अशी निरवानिरवही त्यांनी करून ठेवली आहे. म्हणजे टेक स्तब्ध आहे, पण बेजबाबदार नाही; तेथे विचारणाऱ्याला उत्तर कधी मिळेल आणि कधी मिळणार नाही हे दोन्ही आधीच ठाऊक आहे. हाच भेद मला महत्त्वाचा वाटतो. एका वर्षात किती ओळी लिहिल्या गेल्या, किती कमिट पडल्या, ही मोजदाद प्रकल्पाची हयाती ठरवू शकत नाही. उद्या घातक त्रुटी कोणी कळवली तर ती वाचणारा, समजणारा आणि दुरुस्त करून नवी आवृत्ती अधिकृतपणे प्रसिद्ध करू शकणारा कोणी आहे की नाही, एवढा एकच प्रश्न विचारायचा असतो. टेकला हा प्रश्न विचारला तर उत्तर मिळते. 2019 च्या ॲपेक्सला विचारला तर काय उत्तर मिळाले असते, ते माझे स्नेही माझ्यापेक्षा अधिक जाणतात.

आज ना उद्या कोणी येईल, हा तिसरा मुद्दा. होय, येईल, पण कोण येईल, हे ठरवण्याचे सामर्थ्य तोपर्यंत त्या ओस पडलेल्या प्रकल्पात उरलेले असते काय? नोव्हेंबर 2018 मध्ये इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या, जावास्क्रिप्टच्या जगात आठवड्याला लक्षावधी वेळा उतरवून घेतल्या जाणाऱ्या, एका लहानशा प्रकल्पाचे प्रकरण उजेडात आले. मूळ लेखकाला त्यात रस उरला नव्हता, आणि मदतीची तयारी दाखवणाऱ्या एका अनोळखी माणसाच्या हाती त्याने विश्वासाने सूत्रे दिली. त्या माणसाने त्यात एका बिटकॉइन पाकिटातील धन चोरणारी संहिता गुपचूप मिसळली. 2024 च्या मार्च महिन्यातले एक्सझेडचे प्रकरण याहून भयंकर आहे. तो प्रकल्प निष्क्रिय नव्हता, मंदावलेला होता. त्याचा भार जवळजवळ एकट्याने वाहणारा रक्षक थकलेला होता, आणि जिया टॅन हे नाव धारण करणाऱ्या कोणी दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक दिसणारे काम करून त्याचा विश्वास संपादन केला, मग लिनक्सच्या असंख्य यंत्रांत शिरकाव करता यावा असे चोरदार त्यात बसवले. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर प्रवेश होण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो हे खटकले, त्याने मूळ शोधले, आणि 29 मार्च रोजी ते जाहीर केले, म्हणून अनर्थ टळला. अशा जागरूक मनुष्याच्या योगायोगावर भरवसा ठेवून धोरण आखता येत नाही.

निवृत्तीचा ठराव नेमके येथे संरक्षण देतो. प्रकल्प निवृत्त झाला की त्यात लिहिण्याचा अधिकार गोठतो आणि जुन्या नावाने नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा मार्ग बंद होतो. त्यानंतरही ज्याला ती संहिता पुढे न्यायची असेल त्याला परवान्याने पूर्ण मुभा असते. मात्र त्याने ती स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पतीवर न्यायची असते. पूर्वसुरींनी कमावलेला विश्वास बेवारस मालमत्तेसारखा येणाऱ्याच्या कब्जात जात नाही.

आता राहिला तो आक्षेप, जो युक्तिवादापेक्षा दुःखातून येतो: निवृत्त करणे म्हणजे पुसून टाकणे. ज्यांनी रात्री जागून ती संहिता लिहिली त्यांना असे वाटणे स्वाभाविक आहे, पण वस्तुस्थिती तशी नाही, आणि मराठवाड्यातल्या माणसाला तर ती सहज कळण्याजोगी आहे. आमच्या महसुली दप्तरात बेचिराख गावे असतात. तेथे वस्तीचे एकही घर उरलेले नसते. परंतु गावाचे नाव असते, शीव असते, गट क्रमांक असतात, त्यांचे सातबारे निघतात, फेरफार नोंदले जातात, शेजारच्या गावचे लोक ती जमीन कसतात. दप्तराने ते गाव नाहीसे केलेले नसते. येथे वस्ती नाही, एवढे सत्य तेवढे लिहून ठेवलेले असते. अपाचीच्या संचालक मंडळाने नोव्हेंबर 2008 मध्ये स्थापन केलेले ॲटिक हे असेच दप्तर आहे. तेथे गेलेल्या प्रकल्पाची संहिता वाचता येते, उतरवून घेता येते, जुन्या आवृत्त्या संग्रहात राहतात, माहितीची पाने राहतात. चर्चा आणि तक्रारींची नोंद तेवढी थांबते, आणि हा प्रकल्प निवृत्त आहे अशी पाटी पानावर चढते. 2004 सालचा जो अपाची परवाना त्या संहितेला लागू आहे तो कायमस्वरूपी आहे. ठरावाने त्याला धक्का लागत नाही.

यास्तव निवृत्तीनंतरही संहिता जगते, आणि कधी कधी निवृत्तीपूर्वीपेक्षा अधिक जगते. जावा भाषेचा मुक्त पाया रचण्यासाठी 2005 साली सुरू झालेला अपाची हार्मनी हा प्रकल्प, आयबीएमने 2010 मध्ये आपले बळ दुसरीकडे वळवल्यावर क्षीण झाला आणि नोव्हेंबर 2011 मध्ये ॲटिकमध्ये गेला. परंतु त्याच्या संहितेचा मोठा भाग गुगलने अँड्रॉइडमध्ये घेतलेला होता, आणि 2016 साली अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीत ओपनजेडीकेने त्याची जागा घेईपर्यंत तो तेथेच राहिला. म्हणजे 2013-14 च्या सुमारास परभणी जिल्ह्यातल्या ज्या तरुणांच्या हाती पहिला अँड्रॉइड फोन आला, त्या प्रत्येकाच्या खिशात एक निवृत्त प्रकल्प काम करीत होता. कोणाचे श्रम पुसले गेले? आयबॅटिसची कथा आणखी सरळ आहे. त्याच्या घडवणाऱ्यांनी 2010 साली अपाचीचे घर सोडून मायबॅटिस या नावाने काम पुढे चालवले, मागे राहिलेला प्रकल्प ॲटिकमध्ये गेला, आणि मायबॅटिस आजही वापरात आहे. तेथे तर निवृत्तीची पाटी नव्या घराकडे जाणारा रस्ता दाखवते.

निवृत्तीची नुसती वाच्यता केली तरी उरलेली माणसे पांगतात, असे हॅमिल्टन यांच्या वेळीही म्हटले गेले. हा युक्तिवाद मला अंमळ अन्यायाचा वाटतो, कारण त्यात वापरकर्त्यापासून सत्य दडवण्याची तजवीज आहे. याच्या उलट पायथन भाषेच्या दुसऱ्या मालिकेचे पाहावे. तिचा शेवट प्रथम 2015 साली व्हावयाचा होता. लोकांची तयारी झालेली नाही हे पाहून 2014 मध्ये ती मुदत 2020 पर्यंत वाढवण्यात आली. आणि 1 जानेवारी 2020 ही तारीख मग कोणाच्याही रुसव्याफुगव्यास न जुमानता पाळली गेली. एप्रिल 2020 मध्ये 2.7.18 ही अखेरची आवृत्ती निघाली आणि मामला मिटला. तारीख जाहीर होती म्हणून कचेऱ्यांनी, विद्यापीठांनी, कंपन्यांनी आपापली कामे तिसऱ्या मालिकेवर नेण्यास मनुष्यबळ आणि पैसा काढला. तारीख नसती तर तो कोणी काढला असता, हे मला तरी दिसत नाही.

निर्णय कोणी घ्यावा याविषयी फार बोलण्याचे कारण नाही. अपाचीत प्रत्येक प्रकल्पाची व्यवस्थापन समिती वर्षातून चार वेळा संचालक मंडळाला अहवाल देते, आणि नवी आवृत्ती अधिकृत होण्यास समितीतील किमान तीन सभासदांची अनुकूल मते लागतात. तीन मते जमेनाशी झाली की समितीने स्वतः ठराव करावा, आणि समितीच उत्तर देईनाशी झाली तर मंडळाने करावा. गिटहबवर एकट्यादुकट्याने चालवलेल्या प्रकल्पांना अशी समिती नसते, पण तेथेही नोव्हेंबर 2017 पासून प्रकल्प संग्रहित म्हणून जाहीर करून गोठवण्याची सोय आहे. ती वापरण्यात कमीपणा मानणारे लोक मी पाहतो, आणि ज्या कामाचा आपल्याला अभिमान आहे ते अनोळखी माणसांच्या हवाली उघडे टाकून जाण्यात त्यांना कमीपणा कसा वाटत नाही, याचे मला नवल वाटते.

पुण्याच्या माझ्या स्नेह्यांना एवढेच विचारायचे आहे: 2018 च्या उत्तरार्धात, जेव्हा ॲपेक्सवर काम करणाऱ्यांचा पगार थांबलेला होता आणि त्याचा दर्जा मात्र चालू प्रकल्पाचा होता, तेव्हा परभणीच्या किंवा औरंगाबादच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याने तो दर्जा पाहून आपले अंतिम वर्षाचे काम त्यावर उभे केले असते, आणि अडल्यावर त्याला कोणाचेच उत्तर आले नसते, तर त्याला तुम्ही काय सांगितले असते? ॲपेक्सची आणि मल्हारची संहिता आजही जशीच्या तशी उपलब्ध आहे, ती आज रात्रीही उतरवून घेता येते. ती नव्या नावाने चालवण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. जुन्याच नावाने अपाचीत परत आणायची असेल, तर इनक्युबेटरमार्फत किंवा संचालक मंडळाच्या ठरावाने नवी समिती उभी करता येते. ज्यांना घाई झाली असे वाटते त्यांनी तीन नावे द्यावीत.